बहात्तर साल महाराष्ट्राने कसे काढले?

मागील अंकात एका उत्तराच्या ओघात आम्ही लिहिले होते की, मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते वर्ष आणि मराठवाड्यात लोक खडी फोडीत होते ते वर्ष एकच. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. १९७२ या सालाविषयीचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमच्या घरात ‘बहात्तरचा दुष्काळ’ हे शब्द सतत कानावर पडतात. तो एकाच वर्षाचा दुष्काळ होता का? नंतरही दुष्काळ पडले, मग याचीच आठवण एवढी ठळक का? (बीड जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : लोकांनी त्याला एका सालाचे नाव दिले असले तरी तो एका वर्षाचा नव्हता. १९७० पासून राज्याच्या मोठ्या भागात पावसाने ओढ दिली होती, घरातली बेगमी संपत आली होती, आणि अशा स्थितीत १९७२ चा पावसाळा जवळजवळ कोरडा गेला. त्यामुळे खरी झळ बसली ती १९७२ च्या पावसाळ्यापासून १९७३ च्या पावसाळ्यापर्यंत. अहमदनगर, सोलापूर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, पुणे आणि सांगलीचे पूर्वेकडचे तालुके हा पट्टा सर्वांत अधिक होरपळला. अनेक गावांतले वृद्ध आजही सांगतात की, तेव्हा विहिरीच्या तळाशी पाणी होते पण कणगीत दाणा नव्हता. अलीकडच्या दुष्काळांत दुकानात धान्य असते पण पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. हा फरक लक्षात घेतला म्हणजे त्या दुष्काळाच्या आठवणी पाण्यापेक्षा भाकरीभोवती का गोळा झालेल्या आहेत, ते समजते.

परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळे. तिची भाकरी थापताना चिरा पडत, ती घशाखाली उतरत नसे, आणि तरीही तिच्यासाठी रांगा लागत. कामावरच्या मजुरांना आणि मुलांना ‘सुकडी’ नावाचा पौष्टिक खाऊ वाटला जाई. ज्यांनी बालपणी ती खाल्ली त्यांच्यापैकी अनेकांना तिची गोडसर चव अजून आठवते आणि त्याच वेळी ती हातात घेताना वाटलेला संकोचही आठवतो.

ठळक आठवणीचे दुसरे कारण म्हणजे कामे. सरकारने दुष्काळी कामे इतक्या मोठ्या प्रमाणावर काढली की, मे १९७३ मध्ये त्यांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास पोचली होती. पाझर तलाव, नालाबांध, शेताचे बांध, रस्त्याचे भराव आणि खडी फोडणे ही ती कामे. एरवी बांधापलीकडे कामाला न गेलेल्या, स्वतःची जमीन असलेल्या घरांतल्या बायकाही तेथे डोक्यावर पाटी घेऊन उभ्या राहिल्या. उपासमारीने माणसे मोठ्या संख्येने मरतील अशी भीती होती; ती बहुतांशी टळली, ती या कामांमुळे. जनावरे मात्र वाचवता आली नाहीत, आणि असंख्य कुटुंबांनी मुंबई-पुण्याची वाट धरली.

येथे रोजगार हमी योजनेचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण ती दुष्काळातून जन्माला आली असे सरसकट लिहिले जाते आणि ते पूर्णपणे बरोबर नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना आधीच मांडली होती, सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात साठच्या दशकात तिचा प्रयोगही झाला होता, आणि वसंतराव नाईक यांच्या सरकारने १९७२ मध्ये, दुष्काळ शिगेला पोचण्यापूर्वीच, ती स्वीकारली होती. दुष्काळी कामांच्या रेट्यात ती काही काळ मागे पडली. परंतु लाखो मजुरांनी कामाच्या जागी एकत्र येऊन हजेरीपटासाठी, वेळेवर पगारासाठी आणि योग्य मापासाठी भांडण्याचा जो अनुभव घेतला, त्याने योजनेमागे लोकांचे बळ उभे केले. १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांच्या आत काम देणे हे त्यामुळे सरकारचे कर्तव्य ठरले. या योजनेसाठी १९७५ पासून नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पावतीतून खेड्यातल्या मजुराच्या कामाला पैसा मिळू लागला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याचे मूळ या महाराष्ट्राच्या कायद्यात आहे, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत याहून ठसठशीत अक्षरांत यायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझी आई लाटणे मोर्चात गेली होती असे सांगते. तो याच वर्षीचा का? (गोरेगाव, मुंबई येथील एक वाचकभगिनी)

उत्तर : होय, त्या चळवळीची सुरुवात याच वर्षी झाली. दुष्काळाची झळ शहरात पोचली ती भावाच्या रूपाने. तेल, साखर, रवा, रॉकेल यांचे भाव चढले आणि रेशनच्या दुकानातून माल नाहीसा झाला, तेव्हा १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि इतर अनेकजणी पक्षभेद बाजूला ठेवून तीत एकत्र आल्या. मृणालताई त्याच वर्षी विधानसभेवर निवडून आल्या होत्या. कधी सभेला न गेलेल्या गृहिणी हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या, ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजवल्या गेल्या, आणि साठेबाजांना घेराव घातले गेले. आपल्या आईंची आठवण शक्य असेल तर सविस्तर लिहून घ्यावी. पुढाऱ्यांची नावे इतिहासात आली आहेत, लाटणे धरणाऱ्या हातांची आलेली नाहीत.

प्रश्न : ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखाविषयी ऐकले आहे. त्यात नेमके काय होते आणि दलित पँथरशी त्याचा काय संबंध? (नांदेड येथील एक विद्यार्थी)

उत्तर : १५ ऑगस्ट १९७२ रोजी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. देशभर रौप्यमहोत्सव साजरा होत असताना ‘साधना’ साप्ताहिकाने दलितांच्या स्थितीवर विशेषांक काढला. त्याची जबाबदारी डॉ. अनिल अवचट यांनी घेतली होती आणि त्यात राजा ढाले यांचा हा लेख होता. त्या वर्षी परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली होती आणि पुणे जिल्ह्यातील बावडा येथे दलित वस्तीवर बहिष्कार घातला गेला होता. ढाले यांनी कायद्यातल्या शिक्षा शेजारी शेजारी ठेवल्या : राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर तीनशे रुपये दंड, आणि दलित स्त्रीचे लुगडे फेडले तर पन्नास रुपये दंड. ज्या राष्ट्रात माणसापेक्षा प्रतीक महाग ठरते त्या राष्ट्राच्या उत्सवाने आमचे काय व्हावे, हा त्यांचा रोख होता. भाषा अत्यंत जळजळीत होती आणि तिच्यावरून मोठे वादळ उठले. ध्वजाचा अवमान झाला म्हणून ओरड झाली, निषेध झाले. त्या गदारोळात दंडाच्या रकमेचा मूळ प्रश्न मात्र पुष्कळांनी वाचलाच नाही.

दलित पँथर ही संघटना त्याआधी, त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस मुंबईत आकाराला आली होती. नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार हे तिचे आरंभीचे प्रवर्तक, आणि राजा ढाले लवकरच तिच्या अग्रभागी आले. या लेखामुळे पँथरचे नाव गावोगाव पोचले. नेतृत्वात दोनच वर्षांत फूट पडली, हे खरे आहे. तथापि अत्याचार झाला की त्या गावात जाऊन उभे राहायचे ही रीत तिने घालून दिली, आणि ती फुटीनंतरही टिकली.

याच वर्षी ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. गोलपिठा ही मुंबईतल्या कामाठीपुऱ्यालगतची वस्ती, आणि तेथील जगण्याची भाषा मराठी कवितेत तोवर आलीच नव्हती. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकर यांची आहे. कवीबरोबर त्या वस्तीत रात्री हिंडून आल्यावर तेंडुलकरांनी ती लिहिली, आणि अनोळखी शब्दांचे अर्थ त्यांना कवीकडूनच विचारून घ्यावे लागले. मराठी मध्यमवर्गातल्या एका मान्यवर लेखकाने आपल्याच शहरातल्या अपरिचयाची अशी जाहीर नोंद करणे, हे आम्हाला त्या वर्षाचे मोठे लक्षण वाटते.

प्रश्न : ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ ही दोन्ही नाटके एकाच वर्षी आली हे खरे का? दोन्हींवर वाद का झाले? (पुणे येथील एक वाचक)

उत्तर : खरे आहे, आणि दोन्ही तेंडुलकरांचीच. ‘सखाराम बाइंडर’ वर्षाच्या आरंभी कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. निळू फुले सखारामच्या भूमिकेत होते आणि लालन सारंग चंपाच्या. विवाहाची चौकट नाकारणारा पुरुष आणि त्याच्या घरी आलेल्या टाकलेल्या बायका हा विषय, आणि शिवराळ बोली. सेन्सॉर मंडळाने परवानगी काढून घेतली. सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्यांनी तेथे निकाल आपल्या बाजूने मिळवला. रंगभूमीच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात त्या लढ्याचे मोल नाटकाइतकेच आहे.

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची निर्मिती, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यदिग्दर्शन, आणि नाना फडणविसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो : पडदा उघडला की रंगमंचावर धोतर-उपरणे ल्यायलेल्या माणसांची एक रांग उभी असते. ती गाते, डोलते, आणि पाहता पाहता तीच भिंत होते. रांग पाठ फिरवते तेव्हा पलीकडे काय चालले आहे ते दिसत नाही. ती फुटते तेव्हा वाडा, रस्ता, बावनखणी ही कलावंतिणींची वस्ती असे काहीही तेथे उभे राहते. नेपथ्याशिवाय केवळ माणसांच्या अंगांनी घडवलेले ते पुणे होते, आणि पाप झाकणारी आणि पाप उघडे पाडणारी माणसे तीच, हा अर्थ प्रेक्षकाला कोणी न सांगता कळत असे.

आक्षेप होता तो नाना फडणविसांच्या चित्रणावर, आणि ब्राह्मण समाजाची बदनामी झाली या भावनेतून. हे ऐतिहासिक नाटक नाही, सत्ता घाशीरामासारख्या एखाद्या कोतवालाला कशी घडवते आणि काम झाल्यावर कशी गर्दीच्या हवाली करते याचे ते नाटक आहे, असे लेखकाने सांगूनही विरोध शमला नाही. मोजक्याच प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. तेव्हा त्यातील कलावंतांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकादमी स्थापन केली आणि १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू केले. पुढे हे नाटक युरोपपर्यंत पोचले.

निळू फुले यांच्यासाठीही हे वर्ष महत्त्वाचे होते. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ या चित्रपटात ते याच वर्षी दिसले, आणि डॉ. श्रीराम लागू यांचे चित्रपटात पदार्पण झाले तेही ‘पिंजरा’तच.

प्रश्न : मुंबई दूरदर्शन नक्की केव्हा सुरू झाले? (ठाणे येथील एक वाचक)

उत्तर : २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दिल्लीनंतरचे देशातले हे दुसरे केंद्र. चित्र कृष्णधवल, संच विकत घेणे मोजक्यांनाच परवडणारे, आणि त्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. त्यामुळे एका घरातल्या संचासमोर अख्खी चाळ बसे. पुण्याला कार्यक्रम दिसू लागले ते सिंहगडावरचे प्रक्षेपण केंद्र १९७३ मध्ये झाल्यावर. दुष्काळी तालुक्यांना हा पडदा कित्येक वर्षे दिसला नाही. ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम असूनही ज्यांच्यासाठी तो होता त्यांच्या घरी संच नव्हता, याची खंत आम्हाला आजही वाटते.

प्रश्न : पिन कोडही याच वर्षीचा आहे का? (पणजी येथील एक वाचक)

उत्तर : होय, १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा, आणि त्यामागे मराठी माणूस आहे. टपाल-तार मंडळाचे सदस्य श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही सहा अंकी पद्धत आखली. ते संस्कृतचे विद्वान आणि कवी होते. पहिला अंक विभाग दाखवतो. महाराष्ट्राप्रमाणे गोव्याचाही ४, आणि आपल्या पत्त्यातील पहिले तीन अंक ४०३ असतील. एकसारख्या नावांच्या गावांमुळे आणि अनेक लिप्यांतल्या पत्त्यांमुळे होणारा घोळ मिटवणे हा त्याचा हेतू होता.

प्रश्न : मुरलीकांत पेटकर यांच्याविषयी थोडक्यात सांगावे. (इस्लामपूर येथील एक वाचक)

उत्तर : ते आपल्याच परिसरातले. सैन्यात असताना १९६५ च्या युद्धात ते गोळ्या लागून जबर जखमी झाले आणि त्यांना कायमचे अपंगत्व आले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विक्रमी वेळेसह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी.

प्रश्न : आमच्या गावाच्या दुष्काळाची नोंद करायची आहे. कोठून सुरुवात करावी? (करमाळा तालुक्यातील एक शिक्षिका)

उत्तर : जमिनीवरून करावी. त्या काळात झालेले पाझर तलाव, बांध आणि रस्ते आपल्या शिवारात आजही असतील. मुलांना घेऊन ते पाहावेत आणि नकाशावर मांडावेत. मग त्या कामांवर गेलेल्या वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना, कामाच्या जागीच नेऊन बोलते करावे. मुकादम कोण होता, माप कसे घेत, पगार किती दिवसांनी होई, पाणी कोणाच्या ओंजळीत कोण ओतीत असे, लहान मूल कोठे ठेवीत, असे नेमके प्रश्न विचारावेत. पाण्याविषयीचा प्रश्न टाळू नये, कारण जातीचा अनुभव तेथेच बाहेर येतो. शाळेचे १९७२-७३ चे हजेरीपट जपून ठेवलेले असतील तर कोणती मुले कोणत्या महिन्यात शाळेतून गेली हे त्यांतून कळेल. ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावांची वहीही पाहावी. जमलेली माहिती आमच्याकडे पाठवल्यास ती आम्ही आनंदाने छापू.