रंगात अडकलेली वाळू

प्रश्न: फ्रेंच चित्रकार मोनेचं ट्रूव्हिलच्या बीचचं चित्र मोबाईलवर झूम करून बघितलं तर बायकांना धड नाकडोळेच नाहीत, नुसते ब्रशचे फटकारे. चित्र अर्धवट राहिलंय का? आणि त्या रंगात खरी वाळू आहे म्हणतात, ते खरंय का?

उत्तर: वाळू खरी आहे, अगदी खरी! चित्र १८७० च्या उन्हाळ्यातलं, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि रंगाच्या थरात वाळूचे कण सापडलेत, शिंपल्यांचे बारके तुकडेसुद्धा. म्हणजे हा माणूस खरंच किनाऱ्यावर बसून रंगवत होता आणि ओल्या रंगावर वाळू येऊन चिकटली ती तशीच राहिली. मला हे कळलं तेव्हापासून त्या चित्रात वारा जाणवतो.

आणि अर्धवट मुळीच नाही हो. चित्र केवढं, जेमतेम ३८ बाय ४६ सेंटीमीटर, मांडीवर मावेल एवढं. डावीकडची पांढऱ्या ड्रेसमधली बहुधा त्याची बायको कामिय, तिचा चेहरा छत्रीच्या सावलीत, आणि ड्रेसवर जिथे ऊन पडलंय तिथे जाड पांढऱ्या रंगाचे थोडेसे फटकारे, बस. किनाऱ्यावर ढग आला की सगळा उजेड बदलतो, नाकडोळे कोरत बसलं तर ऊन हातातून जातं, म्हणून त्याने ऊन धरलं आणि नाक सोडलं.

ही सवय त्याला ल हाव्र या फ्रान्समधल्या बंदराच्या गावी लागली, बुदँ नावाच्या चित्रकाराने ऐन तरुण वयात त्याला स्टुडिओबाहेर काढलं, शेतात, ओढ्याकाठी, आणि १८५८ मधलं रुएल गावचं निसर्गचित्र त्यातूनच आलं. शिवाय १८४१ पासून रंग ट्यूबमधे मिळायला लागले होते, नाहीतर एवढा पसारा घेऊन वाळूत कोण बसलं असतं? तरी १८६५ च्या पॅरिसच्या सलोंसाठी, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनासाठी, त्याने ओहोटीच्या किनाऱ्याचं जे मोठं चित्र पाठवलं ते बाहेर केलेल्या छोट्या अभ्यासचित्रावरून स्टुडिओतच मोठं केलेलं होतं. सुंदरच आहे ते, ओले खडे, घोडे, भरलेलं आभाळ, पण नीट विचार करून बसवलेलं दिसतं. ट्रूव्हिलचं तसं वाटत नाही, मला तर तेच जास्त आवडतं.

आता एक करा, झूम काढा, मोबाईल हातभर लांब धरा आणि दोघींच्या मधली ती रिकामी खुर्ची बघा.