बाबांची पेन्टॅक्स लेन्स सोनीवर : चालेल, पण आधी टॉर्च मारून बघा

बाबांचा पेन्टॅक्स के१००० हा फिल्म कॅमेरा आणि त्यावरची ५० एमएम एफ २ लेन्स कपाटात सापडली, तुमच्याकडे सोनी ए६४०० हा डिजिटल कॅमेरा आहे, तर लेन्स त्यावर चालेल का आणि जुनी बॉडी विकून टाकू का, असं विचारलंत. लेन्स मस्त चालेल, आणि बॉडी अजिबात विकू नका.

आधी लेन्स तपासा. पुण्याचा पावसाळा आणि त्यात लेन्स वर्षानुवर्षं चामड्याच्या केसमध्ये, म्हणजे बुरशीला आयतंच निमंत्रण. लेन्स काढा, अ‍ॅपर्चरची (उजेड आत सोडणारं छिद्र लहान-मोठं करणारी) रिंग २ वर, म्हणजे पूर्ण उघडी ठेवा, मागून मोबाईलचा टॉर्च तिरका धरा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्या, फोटोत येत नाहीत. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, कोटिंग खाते, साफ होईपर्यंत बाकीच्या लेन्सेसजवळ ठेवूच नका. मग रिंग २२ वर न्या, मागची छोटी दांडी बोटाने सरकवून सोडा, अ‍ॅपर्चरची पाती खटकन मिटली पाहिजेत, हळू मिटली तर त्यांच्यावर तेल आलंय, सर्व्हिसिंग लागेल.

ही लेन्स सोनीवर थेट बसत नाही, मध्ये अडॅप्टर लागतो, तो काच नसलेलाच घ्या. पेन्टॅक्समध्ये आरशाला जागा लागायची म्हणून माउंटपासून फिल्मपर्यंत ४५.४६ एमएम अंतर, सोनीत सेन्सरपर्यंत फक्त १८, मधले साडेसत्तावीस भरून काढणारी ती नुसती धातूची नळी आहे. फक्त लेन्स डुगडुगत नाही ना हे दुकानातच लावून बघा.

मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करा, नाहीतर शटर दाबूनही काही होणार नाही आणि तुम्हाला वाटेल अडॅप्टरच खराब निघाला. मोड ए ठेवा, म्हणजे अ‍ॅपर्चर तुम्ही लेन्सच्या रिंगने ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवेल. फोकस हाताने करायचा आहे, पण एफ २ ला फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) विसंबू नका, मॅग्निफाय करून डोळ्याच्या पापण्या बघा. ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी सांभाळून घेणारी सोय) नाही आणि सेन्सर फिल्मपेक्षा लहान असल्याने, म्हणजे क्रॉपमुळे, ५० ची लेन्स ७५ सारखी दिसते, तेव्हा शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू शक्यतो नको, हवं तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवा. समोरून ऊन आलं की ही लेन्स धुकट होते, ४९ एमएमचं हूड लावा. पण संध्याकाळी मंडईत दिवे लागल्यावर एखाद्या भाजीवाल्या मावशींना विचारून एफ २ ला पोर्ट्रेट काढा, चेहऱ्यावर जो मऊपणा येतो तो मला आजच्या करकरीत लेन्सेसमध्ये मिळत नाही, म्हणून तर मी अजून या लेन्सेस वापरतो.

आता बॉडी. के१००० पूर्ण मेकॅनिकल आहे, सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला, तो नसला तरी शटर चालतं. मीटरला ऑन-ऑफ बटणच नाही, त्यामुळे वापरत नसाल तेव्हा लेन्सला कॅप हवीच, नाहीतर सेल उतरतो. मागच्या दाराचा फोम चिकट झाला असेल तर रोल टाकायच्या आधी बदलून घ्या, नाहीतर उजेड आत शिरतो. मीटरचा भरवसा वाटत नसेल तर सोनीवर फिल्मचाच आयएसओ ठेवून रीडिंग घ्या. फक्त डिजिटलमध्ये हायलाइट (फोटोतले सगळ्यात उजळ भाग) वाचवायला आपण एक्स्पोजर कमी ठेवतो ना, ते कलर निगेटिव्ह फिल्मला करू नका, उलट एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्तच द्या, कारण निगेटिव्ह हायलाइट सांभाळून घेते पण सावलीत काही उमटलंच नाही तर मागून काढता येत नाही. आणि लॅबला रोल देताना निगेटिव्ह परत हव्यात हे आधीच सांगा, नुसत्या स्कॅनवर भागवू नका.