जंतू माणसाळतात का?

प्रश्न : माझी मुलगी मिरजेत डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करते. कॉलेजातलं क्लेबसिएला या जंतूचं कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू) पुन्हापुन्हा सबकल्चर करून, म्हणजे थोडं उचलून नव्या खाद्यावर वाढवून, मवाळ झालंय, असं तिचे सर म्हणाले. जंतू असे माणसाळतात का? आणि तसं असेल तर हातमोज्यांचा एवढा आग्रह कशाला?
— एक पालक, तासगाव

उत्तर : सर म्हणाले ते खरं आहे, पण माणसाळत कोणी नाही. रुग्णाच्या थुंकीतून नुकतीच आलेली क्लेबसिएलाची कॉलनी (जंतूंचा ठिपका) लूपने, म्हणजे तारेच्या कड्याने, उचलून बघायला सांगा मुलीला. ओलसर, चकचकीत, कधीकधी चांगली तार धरते. ती बुळबुळ म्हणजे जंतूची कॅप्सूल, त्याच्याभोवतीचं आवरण. आपल्या पांढऱ्या पेशींनी गिळू नये म्हणून केलेली सोय. अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, पांढऱ्या पेशी नाहीत आणि जेवण आयतं, तेव्हा कॅप्सूल बनवणं हा निव्वळ खर्च. एखाद्या पेशीच्या जनुकात बिघाड होऊन तो खर्च वाचला की तिची पिल्लावळ भराभर वाढते, आणि पुढच्या स्लँटवर (नळीतल्या तिरक्या अगारवर) लूपभर जाते ती बरीचशी हीच. थोडक्यात, पैलवान दुबळा झाला असं नाही. कुस्त्याच बंद झाल्या म्हणून तालमीत बिनखुराकाचे गडी भरले.

तुमच्या दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा, वण याच गोष्टीची देणगी. काल्मेत आणि गेराँ या दोघा फ्रेंच संशोधकांनी फ्रान्समधल्या लील गावी 1908 पासून गायीच्या क्षयाचा जंतू पित्त आणि ग्लिसरीन लावलेल्या बटाट्यावर वाढवला. दर तीन आठवड्यांनी नवा बटाटा. मधे महायुद्ध झालं, गाव जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी यांचं सबकल्चर चालूच! अशा 230 फेऱ्यांनंतर 1921 मध्ये लस पहिल्यांदा बाळाला दिली. त्या जंतूच्या जनुकांचा एक अख्खा तुकडाच गळालाय, हे पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

गळालेला तुकडा आपोआप परत येत नाही. पण सगळेच बदल असे कायमचे नसतात. काही जनुकं नुसती बंद असतात, शरीरात शिरल्यावर पुन्हा चालू होतात. शिवाय त्याच नळीत मूळ वळणाच्या चार पेशी उरलेल्या असू शकतात. नळीवरचं लेबल यातलं काहीच सांगत नाही, म्हणून हातमोजे.

आणि सरांना एवढं विचारायला सांगा : ताजं कल्चर आलं त्याच दिवशी ग्लिसरॉल घालून उणे 80 अंशांवर ठेवलं होतं का? गोठलेला जंतू वाढत नाही, म्हणून बदलतही नाही. तसं ठेवलं असेल तर तेच वापरावं आणि जुनी स्लँट ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने जंतू मारून) टाकून द्यावी.