विद्यापीठाचा परिसर पर्यावरणपूरक करायचा आहे. विद्यार्थ्यांनी संशोधनासाठी कोणता विषय घ्यावा?

तुमच्या प्रश्नातल्या गोष्टी अशा: चौघांचा गट, हाताशी सहा महिने, खास निधी नाही आणि आधीच्या तुकड्यांसारखा अहवाल कपाटात धूळ खात पडू नये ही इच्छा. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

विषय निवडण्याआधी एक ठरवा. तुमचा निष्कर्ष वाचून परिसरातला नेमका कोणता माणूस कोणती गोष्ट बदलू शकेल? तो देखभाल विभागाचा अभियंता असेल, वसतिगृहाचे अधीक्षक असतील किंवा खरेदीच्या निविदा काढणारे अधिकारी असतील. 'प्रशासन' हे उत्तर धरू नका. प्रशासन म्हणजे वीस टेबलं, आणि प्रत्येकाला वाटतं की हे काम शेजारच्या टेबलाचं. माणूस सापडत नसेल, तर तुमचा विषय अजून ठरलेला नाही.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. आम्ही जागरूकतेची प्रश्नावली वाटली होती. पर्यावरण महत्त्वाचं वाटतं का, दिवे बंद करता का, कचरा वेगळा करता का. जवळजवळ सगळ्यांनी 'हो' लिहिलं. तक्ते काढले, अहवाल बांधला, तो स्वीकारलाही गेला. पण आमच्या निष्कर्षावर कुणाला काही करण्यासारखं नव्हतंच. लोक स्वतःबद्दल काय सांगतात आणि इमारत प्रत्यक्षात काय वापरते यांत केवढं अंतर असतं, ते पुढच्या वर्षी मीटरसमोर उभे राहिलो तेव्हा दिसलं.

दुसऱ्या वर्षी एकच इमारत घेतली आणि एकच प्रश्न: ही इमारत रात्री किती वीज खाते? आत कुणी नसताना वापर तळाला जायला हवा. मीटरचे तासागणिक आकडे घेतले, तर मध्यरात्रीनंतरचा वापर दुपारच्या निम्म्याहून फारसा कमी नव्हता. कारण शोधायला आम्ही कागद चाळत बसलो. उत्तर दिलं रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांनी. गच्चीवरची घरघर रात्रभर थांबत नाही, एवढंच ते म्हणाले. व्याख्यानगृहांना हवा पुरवणारी यंत्रणा कधीतरी एका कार्यक्रमासाठी 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर आणली होती आणि परत फिरवायची राहून गेली होती. दोष कुणा एकाचा नव्हता. बिल एका कार्यालयात भरलं जातं, खटका दुसऱ्याच्या हातात असतो आणि घरघर तिसऱ्याच्या कानावर पडते, म्हणून ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मोठ्या परिसरातली बरीच उधळपट्टी अशीच असते. तिघांना एकत्र बसवण्याचं काम विद्यार्थी करू शकतात, कारण त्यांना कोणत्याही दारात जायला संकोच नसतो.

एक साधा हिशोब समजून घ्या, मग रात्रीच्या विजेचं महत्त्व पटेल. 1 किलोवॉटचं यंत्र वर्षभर अखंड चाललं तर 8,760 युनिट लागतात. तेच वर्षातले 250 दिवस, रोज 10 तास चाललं तर 2,500. उरलेले 6,260 युनिट रिकाम्या खोल्यांसाठी. आणि अशा यंत्रणेतल्या हवा ढकलणाऱ्या पंख्याचं एक वैशिष्ट्य आहे: त्याला लागणारी वीज गतीच्या घनाप्रमाणे बदलते. गती 20 टक्क्यांनी उतरवली तर वीज साधारण निम्म्यावर येते. म्हणून 'चालू की बंद' एवढ्यावर थांबू नका, 'इतक्या वेगाची गरज आहे का' हेही विचारा.

प्रयोगशाळांच्या बाबतीत मात्र सावध राहा. फ्यूम हूड, म्हणजे रसायनांच्या वाफा ओढून बाहेर टाकणारं काचेच्या सरकत्या दाराचं कपाट, बाहेर फेकतं ती हवा नुसती हवा नसते; आधी तापवलेली किंवा थंड केलेली, पैसे मोजलेली हवा असते. त्यामुळे त्याची काच खाली ओढून ठेवण्याची सवय खूप वीज वाचवते, पण तीही जिथे काच उतरल्यावर हवेचा प्रवाह आपोआप घटतो अशा यंत्रणेत. जुन्या, ठरावीक प्रवाहाच्या यंत्रणेत तो फायदा जवळपास मिळत नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय तिथल्या हवेच्या व्यवस्थेला हात लावायचा नाही. जीवशास्त्र विभागात उणे 80 अंशांचे फ्रीझर असतील तर तो फार चांगला विषय आहे. उणे 70 वर ठेवल्याने वीज सुमारे 30 टक्के वाचते, असं मोजमापांतून दिसलं आहे. तिथे अडचण तंत्राची नाही, विश्वासाची आहे. वर्षानुवर्षांचे नमुने आत असलेल्या संशोधकाची काळजी खरी असते. तिला आडमुठेपणा समजू नका. आधी ज्या नमुन्यांबद्दल प्राध्यापकांनाच खात्री आहे, असा एखादा फ्रीझर मागा.

पाण्याचा विषय घेतलात तर साधन म्हणजे बाटली आणि घड्याळ. गळक्या नळाखाली 10 मिनिटांत 1 लिटर जमलं तर दिवसाला 144 लिटर, वर्षाला 52,560 लिटर. कचऱ्याचा घेतलात तर प्रश्नावली नको, हातमोजे आणि वजनकाटा घ्या. एका इमारतीचा एका दिवसाचा कचरा ताडपत्रीवर पसरून वेगळा करा. कोणत्या डब्यात चुकीचं काय पडतंय हे कळलं की डबे कुठे हलवायचे तेही कळतं.

संपूर्ण विद्यापीठाचं कार्बन उत्सर्जन मोजण्याचा मोह मात्र आवरा. त्या हिशोबाचे तीन भाग असतात: परिसरात थेट जाळलेलं इंधन, विकत घेतलेली वीज, आणि बाकी सगळं म्हणजे ये-जा, विमानप्रवास, खरेदी, कचरा. पहिले दोन बिलांवरून निघतात. तिसरा अनेकदा सगळ्यात मोठा निघतो आणि त्यात अंदाजांची भर पडत जाते. चौघांना सहा महिन्यांत तो पेलणार नाही. त्यातला एक तुकडा पेलेल.

मोजणीत आमची एक चूक झाली होती ती सांगून ठेवतो. बदलाच्या आधीचे आकडे आम्ही परीक्षेच्या आठवड्यात घेतले आणि नंतरचे सुट्टीत. बचत डोळे दिपवणारी दिसली, आणि देखभाल विभागाच्या अभियंत्यांनी पहिल्याच बैठकीत ती खोडून काढली. ते बरोबर होते. आम्ही सगळं पुन्हा मोजलं. तुम्ही आधीचे आणि नंतरचे दिवस सारख्या हवामानाचे, सारख्या गर्दीचे घ्या, आणि जिथे काहीच बदल केलेला नाही अशी तशीच दुसरी इमारत सोबत मोजत राहा.

कर्मचाऱ्यांना सुरुवातीपासून बरोबर घेण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं वाटतं. तिथे 2000 पासून 'सीड्स' नावाचा उपक्रम आहे. विद्यार्थी, प्राध्यापक आणि विद्यापीठाचे कर्मचारी एकत्र बसून परिसरातलाच प्रश्न घेतात, आणि त्या कामाचे श्रेयांक अभ्यासक्रमात मिळतात. त्यामुळे निष्कर्षाची वाट बघणारा माणूस पहिल्या दिवसापासून खोलीत असतो. विद्यार्थ्यांनी लावून धरलेली गोष्ट किती दूर जाते हे बघायचं असेल तर अमेरिकेतलं मिडलबरी कॉलेज वाचा. विद्यार्थ्यांच्या प्रस्तावावरून 2007 मध्ये तिथल्या विश्वस्तांनी 2016 पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचं, म्हणजे उत्सर्जन आणि भरपाई यांची वजाबाकी शून्यावर आणण्याचं, ठरवलं. लाकडाच्या तुकड्यांवर चालणारा, इमारतींना ऊब पुरवणारा प्रकल्प 2009 मध्ये सुरू झाला आणि 2016 मध्ये उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं. त्यात राखलेल्या जंगलाने धरून ठेवलेला कार्बनही हिशोबात धरला होता. असा हिशोब कितपत योग्य, यावर तुमच्या गटात जरूर वाद घाला. मला स्वतःला प्रत्यक्ष कमी केलेलं उत्सर्जन आणि असं वजा केलेलं उत्सर्जन वेगवेगळ्या ओळींत लिहिलेलं आवडतं.

अहवाल हवा तेवढा लिहा, पण त्यासोबत एका पानाचं पत्र तयार करा. त्यात एकच मागणी, ती कुणाकडे, खर्च किती, बचत किती, आणि ती कशी मोजली. आमचं ते पान घेऊन अभियंते स्वतः गच्चीवर गेले होते. दुसरी प्रत पुढच्या तुकडीसाठी: कच्चे आकडे, मीटरचे फोटो, मीटरच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, कोणत्या वेळी कुणाला भेटायचं. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातात आणि 'मॅन्युअल'वर फिरवलेला खटका तिथेच राहतो, म्हणून पुढच्यांनी दर सहा महिन्यांनी तो बघायला हवा.

इमारत ठरली की तिचे आठवड्याभराचे तासागणिक आकडे इथे प्रतिक्रियेत टाका. रात्री 2 ते 4 मधला भाग आपण मिळून बघू.