कुंडीतल्या मोगऱ्याची छाटणी कधी करावी?

मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, झाड थंडीमुळे विसावलेले असताना उरकावी. कळ्या दिसू लागल्यावर कात्री लावल्यास पहिला बहर हातचा जातो. मोगऱ्याला फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे जुन्या फांद्या निम्म्यापर्यंत कापून, आठ-दहा दिवस पाणी कमी करून (पूर्ण तोडून नव्हे, कारण लहान कुंडी लवकर कोरडी पडते) मग माती हलवून शेणखत घातले, की उन्हाळ्याच्या तोंडावर जोमदार फूट येते, असा पुण्यातील गच्चीबागांत स्वयंसेवक म्हणून काम करतानाचा अनुभव आहे. यंदाच्या पावसाळ्यात लावलेल्या कोवळ्या रोपाची मात्र अशी छाटणी न करता केवळ शेंडे खुडावेत.