सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावात पोहायला कोणता महिना बरा? पाणी किती गार असतं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन आलात, टँकमध्ये रोज किलोमीटरभर पोहता आणि आता हिप्परग्याला उतरावंसं वाटतंय. थंडीत पाणी फार गार असतं का आणि मे महिन्यात चालेल का, हे तुमचे दोन प्रश्न. नुसत्या गारव्याचं विचाराल तर अर्धा फेब्रुवारी सरल्यापासून मार्चअखेरपर्यंत, सकाळी सात ते नऊ. पण आपल्याकडे पाणी गार म्हणून कुणी बुडत नाही. माणूस बुडतो तो गाळात, जाळ्यात आणि वळवाच्या वाऱ्यात. म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

मी उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलो. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आमच्याच विहिरीत पोहायला शिकलो. पौषात पहाटे त्या विहिरीवर वाफा दिसायच्या आणि उडी मारली की अंगाला पाणी कोमट लागायचं. तीच विहीर मे महिन्यात गारेगार. जमिनीखालचं पाणी त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाजवळ टिकून राहतं, आपल्याकडे साधारण २६-२७ अंशांवर. जानेवारीत पहाटेची हवा १५-१६ वर येते, मेच्या दुपारी ४० च्या वर जाते, म्हणून तेच पाणी कधी ऊन लागतं, कधी गार.

तलावाचं तसं नाही. हिप्परगा म्हणजे आदिला नदीवरचा एकरुख तलाव, १८७१ साली पूर्ण झालेलं मातीचं धरण. पसारा मोठा, खोली त्या मानाने कमी, वर सगळं उघडं. त्यामुळे हवेच्या मागोमाग पाणीही बदलतं, फक्त सावकाश. माशांच्या टाकीतला थर्मामीटर दोऱ्याला बांधून मी काठाजवळ हातभर खोल सोडून बघत असतो. जानेवारीच्या सकाळी २०-२१ अंश मिळाले, मार्चच्या सकाळी २५ च्या आसपास, भर पावसाळ्यात २६-२७ आणि मेच्या संध्याकाळी ३१ च्याही वर. ही काठावरची घरगुती मोजणी आहे, मध्यावर थोडा फरक पडणारच. अंदाजासाठी सांगतो, पोहण्याच्या शर्यतींच्या टँकचं पाणी २५ ते २८ अंश ठेवतात आणि खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींसाठी १६ ते ३१ ही मर्यादा आहे. म्हणजे आपला जानेवारी आरामात बसतो. बाहेर पडतो तो मे.

ऊन पाण्यात लोकांना सुखाचं वाटतं, पण जोरात पोहणाऱ्याला ते बाधतं. पाण्यात घाम येतो, तो वाळत नाही आणि अंगातली उष्णता आतच राहते. डोकं जड झालं, मळमळलं की थांबायचं आणि सावलीत पाणी प्यायचं. शिवाय उन्हाळ्यात, वारा पडलेला असला की, पाण्याचे थर लागतात. छातीपर्यंत ऊन आणि पाय खाली सोडले की एकदम गार. पहिल्यांदा अनुभवणारा दचकतो आणि नेमका तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं. हिवाळ्यात उलटा प्रकार. पाण्यात काही वाटत नाही, बाहेर आल्यावर दात वाजतात. आपली हवा कोरडी, अंगावरचं पाणी झपाट्याने वाळतं आणि ऊब घेऊन जातं. हुरड्याच्या दिवसांत पोहायला गेलात तर टॉवेल आणि जाड शर्ट काठावर हाताशी ठेवा, गाडीत नको.

आता गाळ. आपल्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरात, तेव्हा तलाव भरतो आणि मग उन्हाळाभर पाणी मागे सरकत जातं. मागे राहते ती काळी माती. वरून वाळून तिला भेगा पडलेल्या असतात, माणसाला वाटतं चालता येईल. अकरावीत असताना एप्रिलमध्ये मी असाच पाण्याकडे निघालो. दहा-बारा पावलं पापडी टिकली, पुढच्या पावलाला उजवा पाय मांडीपर्यंत आत. तो काढायला डाव्यावर भार दिला, तर डावाही गेला. खालचा गाळ गार आणि चिकट, पाय वर ओढला की चप्पल आणि पाऊल दोन्ही धरून ठेवणारा. काठावर जाळं सोडवत बसलेले एक मासेमारीवाले काका ओरडले, "पाय ओढू नको, आडवा हो!" मी छातीवर पालथा पडलो, त्यांनी दोर फेकला आणि मगरीसारखा सरपटत बाहेर आलो. तुम्ही अडकलात तर हेच करा, उभं राहून झटापट नको. आणि मुळात गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पीक घेतात त्या बाजूने उतरूच नका. पायाखाली दगड किंवा मुरूम लागतो अशाच ठिकाणी उतरा.

त्याच काकांनी तंगुसाच्या, म्हणजे बारीक पारदर्शक नायलॉन दोऱ्याच्या जाळ्याबद्दल बजावलं होतं. ते पाण्यात दिसत नाही. वर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की ती ओळ ओलांडायची नाही. पाय गुंतलाच तर लाथा झाडू नका, आवळत जातं. पाठीवर तरंगत राहून हाताने सोडवा. मी तर सोबतीशिवाय आणि कमरेला केशरी फुगा बांधल्याशिवाय उतरतच नाही. जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) आणि कालव्याच्या तोंडाजवळ तर कुणीच जाऊ नये, तिथे पाण्याला ओढ असते.

वळवाचं सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये दुपारी पाणी आरशासारखं असतं आणि चार-पाचच्या सुमारास अचानक धुळीचा लोट येतो. बघता बघता लाटा उठतात. मे २०२४ मध्ये उजनीच्या फुगवट्यात कुगाव-कळाशीदरम्यान अशाच वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले. बोटीची ही गत, तर पोहणाऱ्याचं काय होईल? म्हणून मेमध्ये उतरायचंच तर पहाटे, आणि आठच्या आत बाहेर. ढग गडगडला की ताबडतोब काठ गाठायचा.

जून ते ऑक्टोबर मात्र मी पूर्ण टाळतो. पाणी पोहण्याजोगं ऊबदार असतं, पण गढूळ, हातभर खालचं दिसत नाही आणि ओढ्यांतून बाभळीच्या फांद्या वाहून आलेल्या असतात.

उतरण्याआधी पाटबंधारेवाल्यांना विचारून घ्या. शहराच्या पिण्याच्या पाण्यात या तलावाचाही वाटा आहे, तेव्हा साबण-शाम्पू घरीच. शहरातल्या सिद्धेश्वर आणि कंबर तलावाचा विचार करू नका. पहिला देवाचा, दुसऱ्याला जलपर्णीने कितीदा ग्रासलंय. पहिले दोन-तीन वेळा काठाला समांतर पोहा, छातीभर पाण्यात. टँकमधला किलोमीटर इथे फार लांब वाटतो, कारण मध्ये धरायला भिंत नाही.