वळवाच्या गारा, जुन्या मोटारी आणि शेजारची कौले

प्रश्न : मे महिन्यात आम्ही काही मित्र टिळकवाडीतील एका मैदानावर दुपारी तीन ते रात्री आठ या वेळेत जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरवीत आहोत. वळवाच्या गारांपासून बचाव म्हणून पत्र्याचा मंडप घालावा असे काहींचे मत आहे. मैदानालगतच्या कौलारू घरांतील मंडळींचा मात्र त्याला विरोध आहे. काय करावे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे. वळवात गारांच्या आधी वारा येतो; ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि चार दिवसांसाठी बांधलेल्या मंडपाचा एखादा पत्रा सुटला, तर तो गाडीवर पडेल की कोणाच्या पडवीत, हे सांगता येत नाही.

मंडपापेक्षा वेळ बदला. दिवसभर तापलेल्या जमिनीवर समुद्राकडून घाट चढून आलेली दमट हवा उचलली जाते आणि आपल्याकडे ढग बहुधा दुपारनंतरच बांधला जातो, म्हणून सकाळी सात ते अकरा ही वेळ पुष्कळ निर्धोक. संध्याकाळची गर्दी हुकेल, हे खरे.

अडीच सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे मोठ्या सुपारीएवढी गार ताशी ४० ते ८० किलोमीटर वेगाने येते. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडरच्या टपावर पोचा पडला, तर तो ठोकून काढता येतो. फुटलेल्या मूळ काचेला जोड मिळणे कठीण. म्हणून प्रत्येक गाडीमागे दोन जाड वाकळी ठेवा आणि वर ताडपत्री बांधा, नुसती ताडपत्री मार अडवत नाही. आधी धूळ झटका, नाहीतर रंगावर ओरखडे उठतात, आणि पाऊस थांबताच वाकळ काढा. मात्र गडगडाट ऐकू आला की गाडी झाकण्याचा मोह सोडून पक्क्या इमारतीत जा.

विम्याची कागदपत्रे आजच पाहा : सर्वंकष विम्यात गारपिटीचे नुकसान येते, केवळ थर्ड पार्टी असेल तर येत नाही.

घरांच्या बाबतीत कौले फुटण्याइतकाच त्रास पन्हळीचा होतो. गारा आणि पालापाचोळा साचून ती तुंबली की पाणी उलटे कौलांखाली शिरते, तेव्हा ती आधीच साफ करावी. थोडी जादा मंगळुरी कौले आणून ठेवताना जुन्या कौलाचा एक तुकडा सोबत न्या. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत.